अक्कानं सोडलेलं दूध

सकाळी चहाचं आधण चढवलं की मी आधी भिंतीला कान लावायची. भिंतीपलीकडे अक्का राहायची. तिची खिडकी उघडल्याचा आवाज यायचा, मग थोडा वेळ अगदी शांत, आणि मग "आई सप्तशृंगी, पावलीस" असं पुटपुटणं कानावर आलं की समजायचं, सुईत दोरा गेला. आज अक्काचं डोकं ठिकाणावर आहे. मग कुठे मी चहात साखर घालायची.

ही तिची रोजची परीक्षा होती. तोंड धुऊन खिडकीत उभं राहायचं, बारीक नेढ्याची सुई डाव्या हातात धरायची आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवायचा. ओवला गेला की दिवस आपला. "माणसं तोंडावर गोड बोलतात, सुई खोटं बोलत नाही," असं ती म्हणायची. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा मला हे नुसतं विक्षिप्तपणाचं वाटलं होतं. शिवणाच्या बाई, करत असतील काहीतरी, असं मी आमच्या ह्यांना म्हणालेही. हे एस.टी.च्या कचेरीत कारकून. त्यांना माणसांच्या सवयींपेक्षा गाड्यांच्या वेळा जास्त कळत. "तुझं काय जातं?" एवढंच ते म्हणाले.

अक्काचं नाव कमळा. मुलींच्या शाळेत ती शिवण शिकवायची. डाळीच्या मिलमागे नानांच्या घरातल्या शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांत आम्ही राहायचो; नाना म्हणजे आमचे घरमालक. चाळिशी जवळ आलेली, उंच, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि चालणं इतकं ताठ की शाळेतल्या मुली तिला मागून 'पट्टी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कोणीतरी पट्टीचं चित्र काढून ठेवलं, तर तिनं खडूनं तिला अंबाडा काढून दिला आणि पुढे शिकवायला लागली. लग्न तिनं केलं नव्हतं. स्थळं आली होती, चांगली आली होती, तिनंच नाकारली, असं नानांची बायको सांगायची आणि वर डोळे मोठे करायची. त्या डोळ्यांचा अर्थ मला उशिरा कळला.

तिच्या ताटाबद्दल बोलल्याशिवाय मात्र तिच्याबद्दल काही सांगता येणार नाही. मी खाण्याची शौकीन. माझ्यासारखीला तिचं ताट बघवायचं नाही. ज्वारीची भाकरी, पाण्यात शिजवलेली तुरीची डाळ आणि मीठ घालून उकडलेली गिलकी, म्हणजे घोसाळी. बस्स. फोडणी नाही, तिखट नाही, गूळ नाही, चहा नाही. दूध, दही, ताक, तूप यांचं तर नावसुद्धा नाही. शाळेत तेव्हा मुलींना भुकटीचं दूध वाटायचे. दूध ढवळायला घेतलं की अक्का शिवणवर्गाची दारंखिडक्या लावून घ्यायची. वासानंही तिला कसंतरी व्हायचं.

चातुर्मासात एखादा पदार्थ सोडायचा नेम आमच्याकडे घरोघरी असायचा. मीही सोडायची. मी दरवर्षी कारलं सोडायची. कार्तिकी द्वादशीला ती वस्तू कोणाला तरी दान द्यायची की आपण खायला मोकळ्या. अक्का मात्र सोडायची ते कायमचं. द्वादशीला बाकीच्या बायका सोडलेल्या पदार्थांवर ताव मारत बसत आणि अक्का पुढच्या आषाढात काय सोडायचं ते ठरवत बसे. सोडण्यासारखं तिच्याजवळ फारसं उरलंही नव्हतं. "जसं अन्न तसं मन, सुशे," ती मला म्हणायची. "ज्याला मन सांभाळायचंय त्यानं तोंड सांभाळावं." मी मान डोलवायची आणि घरात येऊन शेव खायची.

का, ते मला त्या वर्षीच्या भरीत पार्टीत कळलं. चंपाषष्ठी झाली की नाना आम्हा भाडेकऱ्यांना शेतावर न्यायचे. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, ठेचायची, वरून कच्ची मिरची, कांद्याची पात. अक्का आमच्याबरोबर यायची, सगळ्यांना वाढायची आणि स्वतः डब्यातली भाकरी खायची. नानांना त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ताकाचा पेला भरला आणि तिच्यापुढे धरला. "घोटभर घ्या, अक्का. ताकानं कोणाचं वाईट झालंय?"

अक्काचा चेहरा राखेसारखा झाला. ती उठली आणि विहिरीच्या कडेला जाऊन बसली. मी हातातली भाकरी तशीच घेऊन तिच्यामागे गेले. एरवी ती शाळेतलं शुद्ध बोलायची. घाबरली की शिरपूरकडची बोली तिच्या तोंडी यायची.

"मन्ही माय येडी व्हयनी व्हती," ती म्हणाली. "तुले माहीत नही."

मग तिनं सगळं सांगितलं. वडील लवकर गेले. आईनं त्यांच्या नावानं दूधदुभतं सोडलं, कायमचं. काही वर्षं बरी गेली. मग ती स्वतःशी बोलायला लागली, चालताना झोकांड्या जायला लागली, घरच्या माणसांवर संशय घ्यायला लागली. शेवटी तिला मागच्या खोलीत कोंडून ठेवलं. चुकून दार उघडं राहिलं की ती शेजारच्या गोठ्यात पळायची आणि चरवीत तोंड घालून दूध प्यायची. माणसं तिला केसांना धरून ओढून आणत. शेवटी शेवटी तिच्या तोंडात एकच शब्द उरला होता, दूध. गावातला भगत म्हणाला, हिला जे लागलंय ते दुधाच्या वाटेनं आलंय, पोरींना जपा. आईला स्मशानात नेलं त्याच दिवशी दोघी बहिणींनी चुलीपुढे बसून दूध सोडलं. थोरली सिंधू आणि ही कमळा. सिंधूचं पुढे धुळ्यात लग्न झालं, मुलं झाली, आणि मुलं अजून मांडीएवढी असताना तीही तशीच बोलायला लागली, तशीच झोकांडायला लागली. नवऱ्यानं तिला शिरपूरला भावाकडे आणून सोडलं. ती आता त्याच मागच्या खोलीत होती.

"म्हणून लग्न नाही केलं," अक्का म्हणाली. "माझ्या पोटी आलेलीनं पण उद्या असंच व्हायचं का?" मग विहिरीत बघत हळूच म्हणाली, "आते मन्हा नंबर शे."

मला इतकी भीती वाटली की हातातली भाकरी मी तशीच घरी परत आणली. त्या दिवसापासून मी भिंतीला कान लावायला लागले.

उन्हाळ्यात पहिल्यांदा तो दोरा पहिल्या खेपेला गेला नाही. पलीकडून काहीच आवाज येईना. चहा उतू गेला तरी मी ऐकत उभी. शेवटी ते पुटपुटणं आलं, पण फार उशिरा आणि फार थकलेलं. हळूहळू हे रोजचंच झालं. बोटांना मुंग्या येतात, दोऱ्याचं टोक हाताला लागतच नाही, असं ती म्हणायची. मी म्हणायची, चष्मा लावा. तिनं चष्मा केला. त्यानं काही फरक पडला नाही.

वैशाखातल्या भर दुपारी ती बाजारातून आली तर एका पायात चप्पल नव्हती. रस्ता असा तापलेला की कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. "अक्का, चप्पल?" मी म्हटलं. तिनं खाली पाहिलं. चप्पल कुठे निसटली ते तिला कळलंच नव्हतं. तळव्याला फोड आले होते आणि ते बघून ती दचकली, जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा होता. त्यानंतर ती भिंतीला हात लावून चालायला लागली. शाळेत तिला 'पट्टी' म्हणणं बंद झालं.

मग संशय आला. पाऊस लागायच्या सुमारास एके सकाळी ती माझ्या दारात पिठाचा डबा घेऊन उभी राहिली. "सुशे, ह्यात तू भुकटी टाकलीस. दुधाची." मी देवाची शपथ घेतली. ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला आजही आठवते, कारण तिच्यात राग नव्हताच. मी तिची वैरीण आहे ही तिची खात्रीच झाली होती. दुपारी मिल थांबायची तेव्हा भिंतीपलीकडून तिचं बोलणं ऐकू यायचं. कोणाशी तरी हळू, समजुतीच्या आवाजात. "नही वं माय. दूध नही शे. नीज आते." हे कचेरीतून आले की म्हणत, "आतून कडी लावून बसत जा." मी लावून बसायची. मला तिची भीती वाटायची आणि तिच्यासाठीही भीती वाटायची, आणि दोन्ही एकदम वाटायचं त्याची लाज.

श्रावणात व्हायचं ते झालं. ती वर्गात मशीनवर मुलींना काज करून दाखवत होती. मुलींनी किंचाळायला सुरुवात केली तेव्हाही तिचा पाय पायट्यावर चालूच होता. सुई तिच्या बोटातून आरपार जात होती आणि ती शिकवत होती. शाळेच्या शिपायानं मला बोलावून आणलं. मी गेले तेव्हा ती खुर्चीत बसून आपल्या रक्ताळलेल्या बोटाकडे बघत होती आणि मुली भिंतीला चिकटून रडत होत्या.

आम्ही तिला टांग्यात घालून चौधरी डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे, जाड भिंगांचे, कमी बोलणारे. ते टाके घालत होते आणि अक्का शांतपणे बघत होती.

"दुखत नाही?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?" अक्का म्हणाली.

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी तिला जीभ दाखवायला सांगितली. जीभ लाल होती आणि गुळगुळीत, काचेसारखी. मग त्यांनी लोखंडाचा एक दुपाखी चिमटा टेबलावर वाजवला आणि थरथरत असतानाच तिच्या घोट्याला लावला. "काही जाणवतंय?" तिला काही जाणवत नव्हतं. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर ती माझ्या अंगावर कोसळली. तिला बाकावर बसवून ते म्हणाले, "काय खाता?"

एवढं सगळं झाल्यावर हे काय विचारताहेत, असं मला वाटलं. पण अक्का खुलून बोलायला लागली. काय काय सोडलं ते तिनं सांगितलं, अभिमानानं. डॉक्टर ऐकत होते. दुधाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "किती वर्षं?" तिनं आईचं सांगितलं. बहिणीचं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "आई विधवा झाल्यावर दूध सोडून होत्या म्हणता? आणि बहीणही?"

"हो."

"बाई," ते म्हणाले, "दुधात एक जीवनसत्त्व असतं. माणसाला ते लागतं चिमूटभरही नाही, पण वर्षानुवर्षं मिळालं नाही तर नसा सुकतात. आधी हातापायांच्या, मग डोक्यातल्या. मला वाटतं तुमचं तेच आहे."

अक्कानं मान हलवली. लहान मुलानं काहीतरी खुळ्यासारखं बोलावं आणि आपण ऐकून घ्यावं, तसं तिनं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शिरपूरहून तिचा भाऊ आला. शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप धाडला होता. आप्पा म्हणायचे त्याला. रांगडा, मिशाळ माणूस, पण माझ्या ओट्यावर बसून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. "तिले घर लई जास," तो म्हणाला. "सिंधूनी खोली शे, तिना बाजूनी खोली रिकामी करी ठेयेल शे." तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आईला कोंडलं होतं, बहिणीला कोंडलं होतं, आणि आता दुसरीला न्यायला आला होता. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. खोली हा शब्द ऐकला आणि अक्का आत माझ्या चुलीजवळ जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन. मी डॉक्टरांचं म्हणणं आप्पाला सांगितलं. त्याला ते पटलं नाही. पण बहिणीचा हात धरून तिला गाडीत बसवायचं धैर्यही त्याला झालं नाही. पोळा झाला की येतो, असं सांगून तो गेला. म्हणजे आमच्या हातात पोळ्यापर्यंतचा वेळ होता.

चौधरी डॉक्टरांचं इंजेक्शन लाल होतं, डाळिंबाच्या रसासारखं. "हे कोणाचं रक्त आहे?" अक्कानं विचारलं. रक्त नाही हे पटवण्यात डॉक्टरांचा बराच वेळ गेला. तिनं दंड पुढे केला, पण दुधाचं नाव काढताच ती उठून उभी राहिली. "दूध पिऊन मी वेडी झाले तर?"

"न पिताच होत चालला आहात, बाई," डॉक्टर म्हणाले. मग मवाळ आवाजात त्यांनी हेही सांगितलं की काही घराण्यांत हे अंगाला लागतच नाही, कितीही दूध प्या; तसं असेल तर जन्मभर इंजेक्शनं. त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मला त्यांचा राग आला. त्या बाईला तेव्हा खात्री हवी होती.

इंजेक्शनं सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि एका दुपारी अक्का माझ्याकडे आली. भिंतीशी बोलणं जरा कमी झालं होतं. "तापव," ती म्हणाली. काय ते मी विचारलं नाही. मी कपात दूध ओतत होते तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

"तू बाहेर जा. बाहेरून कडी घाल."

"अक्का, कशाला?"

"सांगते तेवढं कर, सुशे. काही झालं तर आप्पाला बोलाव. तू उघडू नको."

मी माझ्याच घराला बाहेरून कडी घातली आणि ओसरीवर उभी राहिले. मिल धडधडत होती. आतून काहीच ऐकू येईना. मी देवीला म्हटलं, हिला काही झालं तर मी दार उघडायचं की नाही ते तूच सांग. जेवणाच्या सुट्टीला मिल थांबली आणि एकदम सगळीकडे शांत झालं. तेवढ्यात कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मी कडीवर हात ठेवला.

"सुशे, कडी काढ."

कप रिकामा होता. अक्का जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नजर तिची होती, मी ओळखत होते ती.

"मन्ही माय हाईच मांगे, हाई दूध," ती म्हणाली. "हाईच."

पोळा झाला. आप्पा आला, बहिणीच्या हातची भाकरी खाल्ली आणि एकटाच परत गेला. दिवाळीपर्यंत अक्का भिंत न धरता चालायला लागली. पिठाच्या डब्याबद्दल तिनं माझी क्षमा मागितली, मी म्हटलं, कुठला डबा? भरताच्या वेळी नानांनी न विचारता ताकाचा पेला पुढे ठेवला आणि तिनं तो डोळे मिटून संपवला. बोटं मात्र पुरती परत आली नाहीत. सकाळी खिडकी उघडायची, मग ती लांबलचक शांतता. दोरा कधी तिसऱ्या खेपेला जायचा, कधी जायचाच नाही. आणि न गेलेल्या दिवशी ती दिवसभर माझ्या मागे मागे असायची. "मी नीट बोलतेय ना गं?" असं विचारत राहायची. औषधानं नसा भरून आल्या असतील, पण भीतीवर त्याचा इलाज नव्हता.

माघात तिनं ठरवलं की सिंधूकडे जायचं. चौधरी डॉक्टरांनी लाल कुप्यांचा खोका बांधून दिला, शिरपूरच्या डॉक्टरला काय सांगायचं ते समजावलं. आदल्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर बसली होती.

"लागू पडलं तर माय एका वाटीभर दुधासाठी मेली म्हणायचं," ती म्हणाली. "आणि नाही पडलं, तर ते रक्तातच आहे. मग माझं आज ना उद्या." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग, कशाची प्रार्थना करू?"

मी कुप्यांच्या खोक्याची दोरी पुन्हा एकदा ओढून घट्ट केली. 

सिंधूचं पुढे काय झालं ते मला ऐकून थोडंफार ठाऊक आहे. ती बोलायला लागली, मुलांची नावं घ्यायला लागली. पायांवर मात्र पुन्हा उभी राहिली नाही. अक्का तिच्याजवळच राहिली, शिरपूरलाच शिवणाचे वर्ग घ्यायला लागली. त्याच उन्हाळ्यात आमची बदली नाशिकला झाली आणि भेट अशी पुन्हा झाली नाही. डोळ्यांपुढे येते ती चोपड्यावरून शिरपूरला जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतली अक्का.

ह्यांनी तिला ड्रायव्हरच्या मागची जागा धरून दिली होती. कुप्यांचा खोका तिनं मांडीवर घेतला होता, दोन्ही हातांनी धरून. मी खिडकीखाली उभी होते. गाडी सुरू होऊन थरथरत होती. तेवढ्यात तिनं पदराला टोचलेली सुई काढली आणि दोऱ्यासकट गजांतून माझ्यापुढे धरली.

"ओवून दे," ती म्हणाली. "सिंधूच्या हातात द्यायचीय. ती माझ्यापेक्षा चांगलं शिवायची."

तिनं आजवर त्या सुईला कोणाला हात लावू दिला नव्हता. मी दोरा घेतला, टोक वळलं, नेढ्यापाशी नेलं. गेलं नाही. पुन्हा नेलं.  हिनं बघू नये, हिनं हे बघू नये, एवढंच माझ्या मनात होतं, आणि जितकं मनात येत होतं तितका दोरा बाजूनं जात होता. कंडक्टरनं घंटी मारली.

अक्का बघत होती. माझ्या बोटांकडे, मग माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, आता हिचा चेहरा राखेसारखा होणार.

"राहू दे वं," ती म्हणाली. "कोणाकोणाला नाही जमत."

गाडी हलली. सुई आणि दोरा माझ्याच हातात राहिले.